माप बरोबर, दाजी नाराज

"आक्का, रविवारी सकाळी दाजींची स्कूटर या बोळातून धूर सोडत बाहेर पडली नाही ना, तर माझी सगळी मापाची गेजं भंगारात देईन!"

शतांशराव हे म्हणाले तेव्हा शेजारच्या टेलरबाई खिडकीत उभ्या होत्या. टेलरबाईंच्या कानावर पडलं म्हणजे दवंडी पिटल्यासारखंच! संध्याकाळपर्यंत गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी रविवार.

शतांशराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मभर ऑफिसात फायली इकडच्या तिकडे केल्या आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थांना मोजण्याचं वेड लागलं. "दार जरा घासतंय हो," असं बायको म्हणाली की हे विचारणार, "जरा म्हणजे किती शतांश?" बसमध्ये कोणी "थोडं सरका" म्हटलं तरी तोच प्रश्न. मिलिमीटरचा शंभरावा भाग यांच्या जिभेवर सदा बसलेला. लोकांनी चिडवायला नाव ठेवलं, यांनी ते पदवीसारखं मिरवलं.

हे वेड लागलं ते दाजींच्या लेथवर. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. कारखान्यात टर्नर होते, आणि घरी मागच्या खोलीत त्यांचा स्वतःचा छोटा लेथ, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायचं यंत्र, होता. माणूस सज्जन, पण भलताच अबोल. तोंड उघडलंच तर "नाही" म्हणायला. चहा घेणार? नाही. बरं वाटत नाही का? नाही. गेले तेही कोणाला काही न सांगता, त्याच खोलीत, लेथशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या. लेथ तेव्हा चालूच होता म्हणे. आक्का जेवायला बोलवायला गेली आणि दारातूनच तिला कळलं, कारण चाक फिरत होतं आणि कापण्याचा आवाज येत नव्हता.

त्यानंतर आक्का एकटी. दृष्टी अधू झालेली, गुडघे कुरकुरणारे. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि पार दुपारपर्यंत कोणाला पत्ता नाही. धाकटा भाऊ, म्हणजे आपले शतांशराव, समोरच्याच घरात राहणारे. पण ते त्या वेळी बायकोच्या डब्यांची झाकणं मोजण्यात गुंग होते. भाचीचा दूरच्या शहरातून फोन आला तो ठणकावूनच. "मामा, आई आता तिकडे एकटी राहणार नाही. मी तिला न्यायला येतेय!"

आक्का मात्र हटून बसली. "यांचा हा संसार. यांना विचारल्याशिवाय मी कुठे गेले नाही कधी. यांची गाडी एकदा सुरू झालेली ऐकू दे मला. तो आवाज आला की हे हो म्हणाले असं समजेन आणि निघेन. नाहीतर उंबरा ओलांडायची नाही मी!"

म्हणून ती रविवारची गर्जना. आता खरं सांगायचं, तर शतांशरावांना आक्काची काळजी होती, अगदी मनापासून होती. पण आक्का गेली की मागची खोली आपली, पुढची खोलीही आपलीच, खिडकीखाली टेबल कुठे बसेल आणि गेजांची कपाटं कुठल्या भिंतीला लागतील, हेही त्यांनी मनातल्या मनात मोजून ठेवलं होतं. मनुष्यस्वभाव!

स्कूटरचं दुखणं साधं होतं. ज्या नळीत पिस्टन वरखाली होतो ती नळी आतून झिजली होती. नवी नळी लेथवर कापायची, आतलं भोक, ज्याला जाणकार बोअर म्हणतात, ते पिस्टनच्या मापापेक्षा केसभर मोठं ठेवायचं, की झालं. जाणकार असंही म्हणतील की नळी आधी जागेवर ठोकून बसवावी आणि मग आतून कापावी. खरंच आहे ते. पण जाणकारांना विचारतो कोण? शतांशराव स्वतःच जाणकार!

मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. भर दुपारी दिवा लावावा लागे. लेथवर जुनी चादर पांघरलेली, आणि कोणी गुडघे वर घेऊन झोपावं तसा तिला आकार. खिळ्यावर दाजींचा खाकी कोट टांगलेला. आत कोणी नव्हतं, तरी त्याच्या बाह्या कोपरात वाकलेल्याच होत्या. शतांशराव रोज त्या कोटाकडे पाठ करून काम करायचे. मग पाठीला काहीतरी जाणवायचं, म्हणून तोंड करून करायचे. मग कोटाकडे बघवायचं नाही. शेवटी त्यांनी कोट उतरवून पुढच्या खोलीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी कोट पुन्हा खिळ्यावर!

"आक्का! कोट कोणी आणला इथे?"

"मीच. तिकडे त्यांना करमत नाही रे," आक्का सहज म्हणाली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. तिची जागा लेथच्या डाव्या टोकाला, जिथे फिरणाऱ्या दांड्याचं तोंड उघडं असतं. दिसायचं कमी, म्हणून ती ऐकत बसे.

नळी कापून झाली. शतांशरावांनी ती चकातून, म्हणजे लेथच्या त्या तीन जबड्यांच्या पकडीतून, बाळंतपणाच्या खोलीतून बाळ आणावं तशी बाहेर काढली, खिडकीपाशी टेबलावर ठेवली आणि वर्नियर मोजपट्टीचे आतले जबडे तिच्यात घातले. माप बरोबर! नळी थोडी फिरवून पुन्हा. बरोबर! आडवं, उभं, तिरकं, सगळीकडे तेच माप.

"आक्का, ऐक!" असं म्हणून त्यांनी पिस्टन नळीत सोडला.

पिस्टन तोंडाशीच अडला.

"झालं?" आक्काने विचारलं.

"होतंय, होतंय." त्यांनी पिस्टन फिरवला, पुसला, तेल लावलं, गोंजारला. ढिम्म! जायला तयार नाही. पिस्टन पुन्हा मोजला. माप बरोबर. नळी मोजली. माप बरोबर. लहानाला मोठ्यात जायला हवं, हे बालवाडीतही शिकवतात. पण जात नव्हता.

"ते नाही म्हणतायत," आक्का हलकेच म्हणाली.

शतांशरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी उसनं अवसान आणून ते म्हणाले, "दाजींचा इथे काय संबंध? वर्नियर आत नीट टेकत नाही. आतलं माप घ्यायला वर्नियर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मला टेलिस्कोपिक गेज लागेल!"

आणलं. हे गेज म्हणजे दांडीच्या टोकाला एक आडवी स्प्रिंगची नळी; भोकात सोडली की दोन्ही बाजूंनी फाकते, तिथेच आवळायची, बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजायची. हाताला सवय लागते. शतांशरावांनी हाताला सवय लावली. घरातले पेले, बाटल्या, नळाची तोंडं, बायकोची पेनं ठेवायची बरणी, सगळं आतून मोजून काढलं. मग नळी मोजली. तेच माप! अगदी तेच! आणि पिस्टन पुन्हा अडला.

"अहो, मग जरा आणखी कापा की," बायको म्हणाली.

"माप बरोबर असताना कापू? अगं, काही तत्त्व आहे की नाही?"

"पिस्टन जात नाही ना पण."

"चूक पिस्टनची आहे!"

त्यांच्या फोनवर घरगुती लेथवाल्यांचा एक ग्रुप होता. तिथे विचारलं, तर एकाने सांगितलं, घड्याळाचं बोअर गेज घ्या, त्याच्यापुढे भुतंही खोटं बोलत नाहीत. झालं! तेही आलं. लांब दांडी, खाली दोन टोकं, वर गोल तबकडीवर थरथरता काटा. दांडी भोकात डोलवायची, काटा जिथे मागे फिरेल ते माप. शतांशरावांनी नळी एका हातात धरून दांडी डोलवली. काटा गेला, थबकला, मागे फिरला. नळी फिरवली. काटा गेला, त्याच जागी थबकला, मागे फिरला. गोल गोल फिरवत नेली तरी काटा आपला तिथल्या तिथे. इतकं अचूक भोक त्यांनी जन्मात कापलं नव्हतं! आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. आणि पिस्टन पुन्हा तोंडाशीच अडला.

बाहेर आभाळ भरून आलं होतं, दिव्याची वात कमी करावी तसा बल्ब मंद झाला, आणि कुठेतरी लेथच्या पोटात "टक्" असा आवाज झाला.

"लोखंड गार होतंय," शतांशराव मोठ्याने म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

चिडून त्यांनी नळी परत चकात धरली. नळी काढताना खडूच्या खुणा केलेल्या होत्याच. प्रत्येक जबडा आपापल्या जुन्या खुणेवर. किल्लीने चक गच्च आवळला. तत्त्व गेलं खड्ड्यात, केसभर कापायचंच असं ठरवून त्यांनी हत्यार पुढे घेतलं. त्याआधी उगाच एकदा पिस्टन लावून बघितला.

पिस्टन सरकन आत गेला!

लोण्यात सुरी जावी तसा, हुऽऽश्श करत. आणि त्याच क्षणी लेथच्या दुसऱ्या टोकाला बसलेली आक्का ताडकन उभी राहिली. गालाला हात लावून ती पुटपुटली, "आले. माझ्या गालावर श्वास सोडला त्यांनी. तेलाचा वास आला, त्यांच्या अंगाला यायचा तोच!"

आता लेथचा दांडा आतून आरपार पोकळ असतो. इकडून पिस्टन आत गेला की तिकडून वारा निघणार, आणि वाऱ्याबरोबर दाजींच्या हातच्या जुन्या तेलाचा वासही येणार. हे सगळं शतांशरावांना ठाऊक होतं. तरी त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी चक सैल केला, नळी टेबलावर ठेवली, पिस्टन लावला. अडला! चकात धरली. गेला, हुऽऽश्श! टेबलावर. अडला!

"अगं बाई!" खिडकीतून आवाज आला. टेलरबाई! "दाजींच्या मशीनवर असेल तरच जातोय! दाजी धरून बसलेत, सोडवत नाहीये त्यांना!"

बस्स! इथून पुढे प्रकरण शतांशरावांच्या हातात राहिलं नाही.

टेलरबाई त्याच पावली आत आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. "दाजी, माझं शिलाईचं मशीन टाकून नवं घेऊ का?" नळी तेव्हा टेबलावर होती. पिस्टन अडला. "नाही म्हणाले! हयात असतानाही हेच म्हणाले असते हो!" असं म्हणत त्या डोळे पुसत गेल्या आणि येताना चौघींना घेऊन आल्या.

मग औषधाच्या दुकानदाराने विचारलं, भावाशी पुन्हा बोलू का? नळी चकात होती. पिस्टन गेला. दुकानदार तिथूनच भावाच्या घरी गेला, आणि दोघं गळ्यात पडून रडले म्हणे. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी एका विद्यार्थिनीबद्दल विचारलं, हिला कधी गाडी येईल का? नळी टेबलावर. अडला. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. राईचा पर्वत होतो म्हणतात, इथे तर नळीचा झाला! बोळात रांग लागायला लागली. शतांशराव ज्याला त्याला समजावत, "अहो, हे यांत्रिक काम आहे!" लोक म्हणत, "हो हो, तुम्ही फक्त पिस्टन लावा." जन्मभर कोणी यांचं ऐकलं नव्हतं आणि आता दाजींचे मदतनीस म्हणून सगळे यांना आदराने नमस्कार करत होते. मनातून बरं वाटत होतं आणि मनातूनच भीतीही वाटत होती.

रविवार आला आणि गेला. स्कूटर जागची हलली नाही, गेजंही भंगारात गेली नाहीत. भाचीचा फोन आला, "मामा, उद्या सकाळी गाडी घेऊन येतेय. आई तयार आहे ना?"

"आहे, आहे," शतांशराव म्हणाले. आक्का तिकडे सगळ्यांना सांगत होती, "यांची नाराजी दिसतेय. यांना नको आहे मी जायला." आणि न्हाणीघराकडे जाताना भिंत चाचपत होती. ते शतांशरावांनी बघितलं. आपण कापलेली एक नळी हिला या घरात कोंडून ठेवणार, आणि पुन्हा पडली तर?

मग त्यांनी शेवटचा उपाय काढला. बोअरला आतून खुणेचा निळा रंग फासला आणि टेबलावरच्या नळीत पिस्टन जोर लावून थोडा दाबला. पिस्टन जिथे घासेल तिथला रंग जाईल, आणि मग कळेल अडतंय कुठे. खोलीत आक्का, टेलरबाई आणि दोन-तीन भाविक होते. पिस्टन काढला. शतांशरावांनी नळी दिव्याखाली धरली.

आतमध्ये तीन डाग होते. लांबट, सारख्या अंतरावर. आतून कोणी बोटं टेकवून धरावं तसे.

"बोटं!" टेलरबाई किंचाळल्या.

"किती?" आक्काने विचारलं.

"तीन!"

आक्काचा चेहरा उतरला. कारण दाजींच्या उजव्या हाताला तीनच बोटं उरली होती. दोन कारखान्यात गेली होती, हे गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं? क्षणात खोली रिकामी झाली. टेलरबाई तर चप्पल न घालता पळाल्या. शतांशरावही पळाले असते, पण नळी टाकून कसे जाणार?

त्यांची बायको तेव्हा चहा घेऊन आली. तिने नळी बघितली, चक बघितला आणि म्हणाली, "अहो, टेबलावर विचारलं की नाही, आणि चकात विचारलं की हो. हे कधी लक्षात आलंय का तुमच्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे दाजी तीन बोटांचे, आणि हा तुमचा चकही तीन जबड्यांचाच."

शतांशरावांनी नळी चकाच्या जबड्यांशी धरून बघितली. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. नळी पातळ! तीन जबड्यांनी गच्च आवळली की ती तीन ठिकाणी आत दबते. तशी दबलेली असताना आतून गोल कापली. चक सोडला की दबलेल्या जागा उसळून बाहेर येणार आणि मधल्या तीन आत घुसणार. मऊ चेंडू तीन बोटांनी दाबून बघा! आणि गंमत अशी की जिथे एक जागा आत घुसते, तिच्या बरोबर समोरची बाहेर गेलेली असते. त्यामुळे दोन टोकांचं कुठलंही गेज घाला, वर्नियर, टेलिस्कोपिक, घड्याळाचं, आडवं घाला, तिरकं घाला, माप कायम तेच! सगळी गेजं खरं बोलत होती आणि सगळी मिळून फसवत होती. तीन टोकांचं गेज आणलं असतं, तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

"माप बरोबर, गोल चूक," बायको म्हणाली आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

आता नळीला सगळीकडून सारखं धरणारं एक कडं करायचं आणि पुन्हा कापायचं, इतकं सोपं होतं. पण भाची सकाळी येणार! कडं व्हायचं कधी, स्कूटर जोडायची कधी, ती धूर सोडायची कधी? आणि इथे शतांशरावांच्या डोक्यात ती कल्पना आली. तिलाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दाजींच्या तोंडून हो वदवणं आता त्यांच्या हातात होतं. चकात नळी धरली की दाजी हो म्हणणारच!

दिवेलागणीला त्यांनी आक्काला खोलीत आणलं. बायको दारात उभी राहिली, कपाळाला आठ्या घालून. शतांशरावांनी नळी खडूच्या खुणांवर बसवली, किल्ली लावली, आणि दात-ओठ खाऊन चक आवळला. पुन्हा एकदा आवळला. आक्का आपल्या जागी बसली. कोट खिळ्यावर होता. बल्ब मंद झाला होता, आणि तिघांच्याही सावल्या एकाच भिंतीवर पडल्या होत्या. चौथीही होती, पण ती कोटाची.

"आक्का, विचार. पण मनात विचार हं! टेलरबाई खिडकीशी असतील."

आक्काने डोळे मिटले. तिचे ओठ हलले. बराच वेळ हलले. मग तिने मान हलवली.

शतांशरावांनी पिस्टन लावला. हुऽऽश्श! इतक्या अलगद तो कधीच गेला नव्हता. आक्काच्या कपाळावरचे पांढरे केस त्या वाऱ्याने हलले.

"गेला!" शतांशराव ओरडले. "हो म्हणाले! दाजी हो म्हणाले, आक्का! आता बॅग भरायला घे!"

आक्का रडत होती आणि हसतही होती. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हो म्हणाले रे! मी एकदा बागेत फिरायला जाऊ का विचारलं होतं, तेव्हाही नाहीच म्हणाले होते."

"मग? निघायचं ना सकाळी?"

"निघायचं कुठे? मी विचारलं, इथेच राहू का?"

शतांशरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने दारात तोंडाला पदर लावला, ती हसत होती की काय देव जाणे.

"असं कसं विचारलंस तू!" त्यांचा आवाज चिरकला. "अगं, जाऊ का असं विचारायचं होतं!"

"मला जायचंच नव्हतं, मग ते कसं विचारू?" आक्का शांतपणे म्हणाली. "तिकडे मी पाहुणी रे. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे, पण सकाळी उठून खुर्चीत बसायचं आणि संध्याकाळी त्याच खुर्चीतून उठायचं. इथे मला भिंती पाठ आहेत. पडले तर पडले. भीती वाटते मला, नाही असं नाही. पण तिकडची जास्त वाटते."

मग मात्र शतांशरावांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. चक, जबडे, पातळ नळी, दोन टोकांची गेजं, पोकळ दांड्यातला वारा, सगळं. "दाजी-बिजी कोणी नाहीत, आक्का! चक मी आवळला, म्हणून पिस्टन गेला!"

आक्काने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चक कोणी आवळला?"

"मी!"

"म्हणजे हो तू म्हणालास."

"अं?"

"मी राहू का विचारलं आणि तू हो म्हणालास. तुझ्या दाजींनी हो म्हटलं असतं तर त्यांना काय जाब विचारणार? तुला विचारता येईल. आजपासून रात्री इथे झोपायला यायचं. मी पडले की उठवायला माणूस हवा."

"अगदी बरोबर," बायको म्हणाली. "मी गादी घेऊन येते."

भाची दुसऱ्या दिवशी आली, सगळं ऐकून आईच्या गळ्यात पडली, मामाला लाख आशीर्वाद मिळतील असं म्हणाली आणि रिकामी गाडी घेऊन परत गेली. खोल्या गेल्या, कपाटं गेली, आणि वर रात्रपाळी!

ती गेल्यावर शतांशराव मागच्या खोलीत आले. नळी काढून नव्याने कापायची होती. त्यांनी किल्ली चकाला लावली आणि फिरवली. किल्ली फिरलीच नाही, कारण फिरवण्यासारखं काही नव्हतं. चक सैल होता! जबडे आपापल्या जागी मागे सरकलेले, नळी नुसती टेकलेली. बोट लावलं तर डुगडुगली.

त्यांना आठवत होतं, आपण आवळला होता. दोनदा! बायकोला विचारलं, तिने हात लावला नव्हता. आक्काला तर किल्ली कुठली ते दिसतही नाही. बरं, आपण घाईत विसरलोच असू, असंही त्यांनी स्वतःला समजावून बघितलं. पण मग पिस्टन गेला कसा? त्यांनी पिस्टन उचलला आणि त्या सैल नळीला लावून बघितला.

अडला.

त्यांनी हळूच कोटाकडे बघितलं. मग नळी होती तिथे ठेवली, खोलीचं दार ओढून घेतलं, आणि यातलं एक अक्षरही आजवर कोणाजवळ काढलेलं नाही.

स्कूटर पुढे चालू झाली, धूरही पुष्कळ सोडते. शतांशराव आक्काकडे रोज नेमाने झोपायला जातात. भावाचं प्रेम बघा, असं गल्लीत सगळे म्हणतात. फक्त ते रात्रभर दिवा चालू ठेवतात.

"अरे, विझव की तो! डोळ्यांवर येतो माझ्या," आक्का पांघरुणातून ओरडते.

"राहू दे गं आक्का," शतांशराव भिंतीकडे तोंड करून म्हणतात, "तुला अंधारात भीती वाटेल."